टास्कबार गेला कुठे?

घोडबंदर रोडवर दीड तास घासत घरी यायचं, पोरांना सिनेमा लावून द्यायचा म्हणून लॅपटॉप टीव्हीला जोडायचा, आणि टास्कबार, म्हणजे स्क्रीनच्या तळाची पट्टी, गायब! घड्याळ अर्धं कापलेलं, वरची बंद करायची फुली तर जणू भिंतीत शिरलेली.

लॅपटॉप १९२० बाय १०८० ठिपक्यांचं चित्र पाठवतोय, टीव्हीही तेवढ्याच ठिपक्यांचा. मग कडा खातं कोण? तर म्हणे ओव्हरस्कॅन. जुन्या डबा टीव्हीत चित्राच्या कडा वेड्यावाकड्या यायच्या, म्हणून चित्र थोडं फुगवून त्या चौकटीआड लपवायचे. डबा कधीच भंगारवाल्याकडे गेला, खोड मात्र भिंतीवरच्या सपाट टीव्हीला वारशात मिळाली.

उपाय आहे हो, टीव्हीत हे फुगवणं बंद करायचा पर्याय! पण त्याला कुठे 'जस्ट स्कॅन' म्हणतात, कुठे 'स्क्रीन फिट', कुठे 'फुल पिक्सेल'. आमच्याकडे तो मेन्यूत पाच पायऱ्या खाली दडलाय. त्यात वायर दुसऱ्या एचडीएमआयला खुपसली की पुन्हा श्रीगणेशा.

बायको म्हणते, "अहो, दिसतंय की सगळं, कशाला खुडबुड करताय?"

दिसतंय? सबटायटलची खालची ओळ काय सोफ्याखाली शोधू?