सहीची बोली, गुरुपुष्यामृतावर

सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहून मोकळी होते.

जुन्या पुस्तकांच्या एका ग्रुपवर आज पोस्ट आली. 'यक्षांची देणगी' हा विज्ञानकथांचा संग्रह, पहिली आवृत्ती, 1979, आत लेखक, खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकरांची सही. मिंट कंडिशन, न वाचलेली प्रत. आणि शेवटची ओळ: बोली गुरुपुष्यामृताच्या मुहूर्तावर सुरू होईल.

नारळीकरांच्या सहीला मुहूर्त!

मी तिथल्या तिथे लिहिलं की हे बरं दिसत नाही. तर एकाने उत्तर दिलं, "ताई, गोष्टीत विज्ञान कशाला शोधता? कलेक्शन व्हॅल्यू बघा." त्यावर लाइकांचा पाऊस. हीच माणसं स्वतःला विज्ञानकथेची फॅन म्हणवतात. काचेच्या कपाटात रॉकेटं, खेळण्यातले रोबो, सहीची पुस्तकं, आणि आत काय लिहिलंय याच्याशी घेणंदेणं नाही.

मला माझं पोस्टकार्ड आठवलं.

1997 साल, मी आठवीत. शाळेने आम्हाला कराडहून एसटीने पुण्याला आयुकात, नारळीकरांच्या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत, नेलं होतं. मधल्या अंगणात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन असे चौघांचे पुतळे, आणि त्यांच्या आसपास डबे उघडून बसलेल्या आम्ही मुली. नारळीकर सरांचं व्याख्यान झालं आणि सगळ्यांनी वह्या पुढे केल्या. सरांनी सही दिली नाही. त्यांची पद्धत आता कित्येकांना माहीत आहे: सही हवी असेल तर पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तर सहीसकट येईल. परतीच्या गाडीत आम्ही फुगून बसलो होतो. एवढा लांबचा प्रवास करून आलो आणि वही कोरीच!

दुसऱ्या दिवशी बाबांनी पोस्टकार्ड आणून दिलं. मी आधी पत्ता लिहिला, शाईच्या पेनाने. पिनकोडच्या सहा चौकोनांत 411007. मग प्रश्नापाशी अडले. विज्ञानाच्या सरांना दाखवायला गेले तर त्यांनी अट घातली: आधी तू शोध, नाही सापडलं तरच पाठव.

माझा पहिला प्रश्न टीव्हीवरून आला होता. अवकाशात यान फुटतं तेव्हा एवढा मोठा आवाज होतो, तो ऐकू येईल का? सर काही बोलले नाहीत. प्रयोगशाळेचं कुलूपबंद कपाट उघडून त्यांनी काचेची हंडी काढली, आत विजेची घंटा लावली, हंडीच्या कडेला बोटाने ग्रीस फासलं आणि मला आतली हवा काढायचा पंप मारायला लावला. पंप जुना, हात भरून आले. घंटेचा आवाज बारीक होत होत पार मेल्यासारखा झाला. आणि काचेच्या आत तो छोटा टोला मात्र तसाच थडथड आपटताना दिसत होता. दिसतोय, पण ऐकू येत नाही! माझ्या अंगावर काटा आला होता, आत्ता लिहितानाही आलाय.

म्हणून मला "गोष्टीत विज्ञान कशाला" हे वाक्य सहन होत नाही. कपाटात पडून राहणाऱ्या हंडीपर्यंत मूल पोचतं ते या "खरंच असं होतं का?" मुळे. गोष्टीत काहीही चालतं असं एकदा ठरवलं की हा प्रश्नच पडत नाही.

हो, प्रत्येक सिनेमा बघताना चुका काढत बसणारी माणसं मलाही नको होतात. माझा नवरा त्यातलाच आहे. आणि नारळीकरांचं सगळंच जगाने मान्य केलं असंही नाही. विश्वाची सुरुवात महास्फोटातून झाली हा सिद्धांत त्यांना शेवटपर्यंत पटला नाही, आणि त्या बाबतीत बहुतेक शास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर गेले नाहीत. ठीक आहे. पण ते वाद घालायचे तेही गणित मांडून.

ज्या माणसाची सही विकताय त्याने काय केलं होतं, हे तरी माहीत आहे का? 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती स्वतःचं नाव लपवून. नारायण विनायक जगताप. आपलीच आद्याक्षरं उलटी करून! तेव्हा ते मोठे शास्त्रज्ञ म्हणून देशाला माहीत होते, नुसत्या नावावरही बक्षीस मिळालं असतं. त्यांनी नाव काढून टाकलं आणि गोष्टीला पुढे केलं. पहिला नंबर आला. आणि आज आपण गोष्ट काढून टाकून नाव पुढे करतोय.

मुहूर्ताचं तर बोलूच नका. पुण्यात त्यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीला (अंनिस) बरोबर घेऊन ज्योतिषाची चाचणी घेतली होती. 200 मुलांच्या कुंडल्या, निम्मी मुलं हुशार, निम्मी बौद्धिक दिव्यांग. 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 कुंडल्या पाहून कोण कुठलं ते सांगितलं. बरोबर आली 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. त्यांच्या 'धूमकेतू' कथेत पृथ्वीवर आदळायला निघालेला धूमकेतू शास्त्रज्ञ यान पाठवून बाजूला ढकलतात, आणि इकडे घरात शांतियज्ञ चाललेला असतो. नासाने सप्टेंबर 2022 मध्ये डायमॉर्फॉस नावाच्या लहानशा लघुग्रहावर खरोखरच यान आदळवलं आणि त्याची मोठ्या लघुग्रहाभोवतीची एक फेरी सुमारे 32 मिनिटांनी कमी केली. गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची. ज्याने हे लिहिलं त्याची सही तुम्ही गुरुपुष्यामृतावर विकणार?

(जेवून आले. आता जरा शांत आहे.)

दुपारी त्या विक्रेत्याचा मला वेगळा मेसेज आला. मुलगा चोवीस-पंचवीसचा असेल. पुस्तक त्याच्या मामांचं. मामा गेल्यावर घरच्यांनी सगळी पुस्तकं रद्दीच्या पोत्यात भरली होती, त्यातून याने हे एक काढून ठेवलं. मुहूर्ताची ओळ आईने सांगितली म्हणून टाकली म्हणे. काय बोलणार? असे जमवणारे लोक नसते तर जुने दिवाळी अंक, जुनी विज्ञानाची मासिकं कधीच लगद्यात गेली असती, हे मला कबूल करावं लागतंय. माझ्याकडचे निम्मे अंक अशांकडूनच आलेत.

माझं पोस्टकार्ड मात्र कोरंच राहिलं. दुसरा प्रश्न होता, सूर्याचं कृष्णविवर (ब्लॅक होल) झालं तर पृथ्वी आत ओढली जाईल का? त्याचं उत्तर ग्रंथालयातल्या पुस्तकात सापडलं: वस्तुमान तेवढंच राहिलं तर पृथ्वी आहे त्याच कक्षेत फिरत राहील, फक्त अंधारात. तिसरा प्रश्न, कृष्णविवराजवळ वेळ हळू चालते तर तिथल्या माणसाची नखंही हळू वाढतील का? विज्ञानाच्या सरांनी तीन दिवस घेतले आणि सांगितलं, हो, नखं, केस, छातीचे ठोके, सगळंच. पण त्याला स्वतःला काहीच वेगळं वाटणार नाही. प्रत्येक वेळी उत्तर मिळायचं आणि पोस्टकार्ड मागे राहायचं. मग दहावी आली. 2025 च्या मे महिन्यात नारळीकर सर गेल्याची बातमी आली तेव्हा मी ते शोधून काढलं. पिनकोडमधला शाईचा एक आकडा जरा फुटलाय, बाकी जसंच्या तसं. त्याची बोली कोणी लावणार नाही, आणि मी ते कोणाला देणारही नाही.

त्या मुलाला मी विचारलं, तू वाचलंस का पुस्तक? नाही म्हणाला. म्हटलं, विकायच्या आधी एकदा वाच. बराच वेळ काही उत्तर नाही. मग आला मेसेज: "ताई, पूर्ण उघडलं तर बाइंडिंग सुटेल का?"

सुटेलही. जुनं पुस्तक आहे.

मी लिहिलं, सुटलं तर मी शिवून देईन.