पाया खणताना खाली पाहू नये

तालुक्याच्या गावाबाहेर, ज्याच्या चौपदरीकरणाची वार्ता दर निवडणुकीला ताजी होते अशा रस्त्याला लागून, आपण चार एकर वावर घेतले असेल, ते अकृषक करून घेतले असेल आणि आता तेथे लेआऊट पाडण्याच्या किंवा मंगल कार्यालय उभारण्याच्या विचारात असाल, तर प्रथम आपले अभिनंदन. सातबारा कोरा आहे, मोजणी झाली आहे, धुऱ्यावरच्या भाऊबंदांची समजूत निघाली आहे, आणि हातावर नारळ ठेवून पाणी शोधणारा पाणाड्याही येऊन गेला आहे. जमिनीखाली पाणी किती आहे हे आपण पाहिले, मुरूम किती फुटांवर लागतो हेही पाहिले. जमिनीत याखेरीज आणखी काय असू शकते, हे मात्र कोणत्याही परिस्थितीत पाहू नये.

विलायतेतील लोकांनी या बाबतीत स्वतःचे किती हाल करून घेतले आहेत, हे आपल्याला माहीत असलेले बरे. 1989 साली लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिण काठावर एका कार्यालयीन इमारतीसाठी जागा मोकळी करताना रोझ नावाच्या, 1587 साली बांधलेल्या नाट्यगृहाचा पाया सापडला. आपल्याकडच्या कोणत्याही जाणत्या ठेकेदाराने रात्रीतून काँक्रीट ओतून हा प्रश्न मिटवला असता. तेथे मात्र नट-नटी रस्त्यावर उतरले आणि अखेर इमारतीचा आराखडा बदलून ती त्या अवशेषांच्या डोक्यावरून उभी करावी लागली. एवढ्याने शहाणपण यावे, तर पुढच्याच वर्षी तेथील सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या, की बांधकामाच्या परवानगीचा निर्णय करण्यापूर्वी जमिनीत काय आहे याची पाहणी व्हावी आणि त्याचा खर्च बांधणाऱ्याने सोसावा. फ्रान्सने तर 2001 मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाच केला. त्यांच्याकडे आधी पाहतात आणि मग खणतात. आपल्याकडे आधी खणतात आणि नंतरही पाहत नाहीत, त्यामुळे एका कामात दोन माणसांची मजुरी वाचते.

आपला कायदा या दृष्टीने अतिशय समंजस आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या 1958 च्या केंद्रीय कायद्यात 2010 मध्ये जी सुधारणा झाली, तिच्यानुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील 200 मीटरपर्यंत परवानगी लागते. उल्लंघन केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. घाबरण्याचे कारण नाही. हे मीटर ज्या स्मारकापासून मोजायचे, ते आधी कोणी तरी शोधून, यादीत घालून, त्याच्यासमोर निळी पाटी रोवलेली असावी लागते. जे अजून जमिनीतच आहे त्याच्यापासून अंतर मोजण्याची तरतूद नाही, आणि असंरक्षित जमिनीवर घर, दुकान किंवा लेआऊट करण्यापूर्वी तिच्या पोटात काय आहे हे तपासून घ्यावे अशी सर्वसाधारण सक्तीही नाही. तेव्हा आपली जमीन अज्ञात राहील एवढी काळजी घेतली, की आपण कायद्याच्या पूर्ण आत असता. पाटीला लागून राहणाऱ्या एखाद्या म्हातारीला मात्र पडकी भिंत सावरायलाही परवानगीचा अर्ज करावा लागतो. परंतु तिचा दोष स्पष्ट आहे: ती ज्या देवळाच्या सावलीत राहते, ते जमिनीच्या वर आहे.

आता पाहणी म्हणजे नेमके काय असते हे सांगतो, म्हणजे ती चुकूनही आपल्या हातून होणार नाही. पाहणी करणारा माणूस सुरुवातीला कुदळ उचलतच नाही. तो जुना गावनकाशा मागतो, गॅझेटियर चाळतो, आणि उजाड गावांची नावे शोधतो. आपल्या गटाला लागून महसुली कागदात एखादी ‘रिठी’ निघाली, म्हणजे कधी काळी तेथे वस्ती होती, की तो ताठ बसतो. मग तो वावरातून मान खाली घालून चालतो आणि खापराचे तुकडे गोळा करतो. आतून काळे आणि बाहेरून तांबडे असे एखादे खापर मिळाले, की त्याला जो आनंद होतो तो आपल्याला कापसाला चांगला भाव मिळूनही होत नाही. त्यानंतर लहान चाचणी-खड्डे घेतात, मातीचे थर मोजतात, प्रत्येक थराचे छायाचित्र काढतात, आणि काहीच निघाले नाही तर तसेही लिहून देतात. बहुतेक ठिकाणी खरोखरच फारसे काही निघत नाही आणि काम पुढे जाते, ही गोष्ट आपण कोणाला सांगू नये. नाही तर पाहणीला भिण्याचे कारणच उरणार नाही.

गावालगत पांढऱ्या मातीचा उंचवटा असेल, किंवा जुन्या देशमुखांच्या गढीचा ढासळलेला ढिगारा असेल, तर तो सर्वांत आधी उचलावा. ही माती वावराला चांगली, भिंतीला चांगली, भरावाला तर उत्तमच. शेकडो वर्षे माणसांनी तेथे चुली पेटवल्या, राख टाकली, घरे पाडली आणि त्यावरच पुन्हा घरे बांधली, म्हणून ती इतकी भुसभुशीत झाली आहे. विदर्भात अशा टेकाडांची ज्यांनी सावकाश चौकशी केली त्यांना काय मिळाले ते पाहा. कुही तालुक्यातील अडमला तटबंदीचे नगर आणि असक जनपदाचे, म्हणजे त्या नावाच्या प्राचीन राज्याचे, नाव असलेली मातीची मुद्रा मिळाली. वैनगंगेकाठच्या पवनीला 1969-70 च्या उत्खननात बौद्ध स्तूप मिळाले. रामटेकजवळच्या मनसरला वाकाटकांच्या काळातील विटांची भव्य बांधकामे मिळाली, आणि रुक्मिणीचे माहेर म्हणून जेथे यात्रा भरते त्या कौंडिण्यपूरला प्राचीन वस्तीचे थर मिळाले. यांपैकी एकाही ठिकाणी प्लॉट पडले का? ती मुद्रा टिप्परमधून कोणाच्या जोत्यात गेली असती, तर तिने त्याच्या घराला निदान आधार तरी दिला असता.

तथापि नागपूरच्या बाजूचे वाचक सर्वाधिक भाग्यवान आहेत, कारण त्यांच्याकडे शिळावर्तुळे, म्हणजे प्राचीन माणसांनी आपल्या दफनांभोवती गोल मांडलेले गोटे, आहेत. काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीला सुमारे 300 वर्तुळे आहेत आणि एकोणिसाव्या शतकातच एका इंग्रज अधिकाऱ्याने त्यांतली काही उकरून पाहिली होती. तेथे पाटी लागलेली असल्याने तो विषय सोडून द्यावा. पण ही वर्तुळे एकाच ठिकाणी नाहीत. लोहयुगातील त्या माणसांनी आपली दफने काळ्या कसदार जमिनीत न करता मुरमाड बरडावर केली, आणि हीच बरड जमीन शेतीला कुचकामी म्हणून आज औद्योगिक वसाहतीला, गिट्टीच्या खाणीला आणि आपल्या लेआऊटला मिळते. याला योगायोग म्हणा किंवा पूर्वजांची दूरदृष्टी म्हणा. त्यांनी आपल्यासाठी मोठमोठे गोटे आयते आणून, गोल मांडून ठेवले आहेत. पायाभरणीला असे दगड विकत घ्यायचे तर बाजारात किती पैसे पडतात, हे आपण जाणताच.

या गोट्यांच्या आत काय असते, हा प्रश्न पोकलेन चालवणाऱ्याला पडू देऊ नये. माहूरझरीला पुरातत्त्वज्ञांनी असा प्रश्न विचारला, तर माणसांच्या सोबत पुरलेले घोडे निघाले, त्यांच्या अंगावर तांब्याचे साज होते, आणि लोखंडी हत्यारे होती. पारशिवनी तालुक्यातील नैकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली, ती इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासची मानतात. आता आपण शांतपणे विचार करावा. आपल्या बकेटमध्ये जळक्या मातीचे चार तुकडे आणि थोडा काळा किट्ट आला, तर तो अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोहाराचा आहे की मागच्या दिवाळीच्या वीटभट्टीचा, हे ठरवायला कोणाला वेळ आहे? डिझेलचा मीटर चालू असतो. अशा वेळी अनुभवी मुकादम एकच वाक्य बोलतो, “काही नाही भाऊ, गोटेच हायेत,” आणि त्या वाक्यासरशी एक संपूर्ण शतक टिप्परमध्ये भरले जाते. मुकादम निवडताना त्याच्या आवाजातील हा ठामपणा जरूर तपासावा.

आपला प्रकल्प मोठा असेल आणि पर्यावरण मंजुरी लागणार असेल, तर अर्जात एक रकाना येतो. आजूबाजूच्या 15 किलोमीटरमध्ये सांस्कृतिक किंवा तत्सम कारणांसाठी कायद्याने संरक्षित क्षेत्र आहे काय, असे त्यात विचारलेले असते. तेथे ‘निरंक’ लिहावे. सरकारी मराठीत याहून निरुपद्रवी शब्द नाही. अर्ज भरून देणारा सल्लागार बहुधा हा शब्द मागच्या अर्जावरून उचलून आणतोच, त्यामुळे आपल्याला वेगळे कष्ट नाहीत. फक्त मागचा अर्ज समुद्रकिनाऱ्यावरच्या प्रकल्पाचा होता काय, एवढे पाहून घ्यावे.

इतकी खबरदारी घेऊनही घडा निघालाच तर? येथे जाणकारांत दोन पक्ष आहेत. गावात गुप्तधनाची कुणकुण लागली, की पहिल्या पक्षाचे लोक पायाळू माणूस, लिंबे आणि अमावास्येची रात्र घेऊन हजर होतात. त्यांच्या नादी लागू नये, कारण गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणे हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. दुसरा पक्ष कायद्याने जाणाऱ्यांचा. त्यांच्यासाठी 1878 सालचा निखात निधीचा कायदा अजून ताजातवाना उभा आहे. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. तेव्हाच्या दहा रुपयांत काय येत असेल ते असो, आज एसटी स्टँडवर त्यात एक कट चहा येतो. कायद्याने मात्र महागाईकडे लक्ष दिलेले नाही. कळवल्यानंतर जाहीर सूचना निघते आणि हक्क सांगणाऱ्यांना चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख मिळते. लपवल्यास ठेवा सापडलेल्या माणसाला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. तेवढ्या काळात तीन मजले उभे राहतात, हा हिशेब गावातला पोरगाही करतो.

1939 मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील मंगरूळ तालुक्यात, तऱ्हाळे गावी, नाण्यांनी भरलेले मडके सापडले. सुमारे 1,600 नाणी होती. सोन्याची नव्हेत, चांदीचीही नव्हेत, पोटिन नावाच्या हलक्या मिश्रधातूची. सोनाराने हात लावला नसता असा माल. तो नागपूरच्या वा. वि. मिराशींसारख्या विद्वानाच्या हाती गेला, आणि त्यांनी नाण्यांवरची अक्षरे लावून कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी, पुराणांच्या याद्यांतही न आढळणारी सातवाहन राजांची नावे वाचली. पाहा, निष्काळजीपणाचा परिणाम: एका मडक्यापायी शाळेतल्या पोरांच्या माथी आणखी दोन राजे आले. तेच मडके जेसीबीच्या दाताखाली फुटले असते आणि नाणी मजुरांच्या पोरांनी गोट्यांऐवजी खेळायला नेली असती, तर सातवाहनांचे काही बिघडले नसते. ते आधीच गेलेले होते.

सर्वांत वाईट उदाहरण दुर्दैवाने एका थोर माणसाचे आहे. विनोबा 1938 मध्ये पवनारला धाम नदीच्या काठी राहायला आले. तेथे शेत खणताना त्यांना राम आणि भरत यांच्या भेटीचे मानले जाणारे प्राचीन शिल्प लागले. एवढी चांगली घडीव शिळा, जोत्याच्या कोपऱ्याला शोभली असती. पण विनोबा थांबले, त्यांनी ती बाहेर काढली, तिची प्रतिष्ठापना केली. परिणामी आज माणसे लांबून ते शिल्प पाहायला येतात, वाकाटकांवर चर्चा करतात, आणि नदीकाठची ती मोक्याची जागा अद्याप विक्रीला आलेली नाही. हाताने खणले की असे होते. यंत्राने खणणाऱ्याला थांबण्याचा मोह होत नाही, म्हणून कुदळ-फावड्याचे काम शक्यतो टाळावे.

एवढे करूनही मूर्ती निघाली, ती अखंड निघाली आणि मजुरांनी पाहिलीच, तर तिला पुरण्याचा प्रयत्न करू नये, मजूर बोलतात. ताबडतोब किलोभर शेंदूर आणि तेल मागवावे. शेंदराच्या तिसऱ्या थरानंतर ती मूर्ती यक्षाची होती, तीर्थंकराची होती, की लढाईत पडलेल्या एखाद्या वीराचा दगड होता, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही, आणि मग ती सर्वमान्यपणे मारुतीची होते. लेआऊटमध्ये जी मोकळी जागा नियमाप्रमाणे सोडावी लागते आणि जिचा आपल्याला एरवी काडीचा उपयोग नसतो, तिच्या मध्यभागी ओटा बांधून तिची स्थापना करावी. पहिल्या वर्षी टिनाचे शेड, दुसऱ्या वर्षी कळस, तिसऱ्या वर्षी सप्ताह. त्या जागेला हात लावण्याची हिंमत नगरपंचायतीला होत नाही, आणि देवळासमोरच्या प्लॉटचा भाव शेजारच्यापेक्षा सहज चढा निघतो. पुढे विद्यापीठाचा एखादा मुलगा वही घेऊन आलाच, तर त्याला प्रसाद द्यावा, पाणी द्यावे, आणि मूर्ती स्वयंभू असल्याचे सांगावे. देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी मात्र चांगली ठळक खोदून घ्यावी, म्हणजे त्या मुलाला वहीत उतरवून न्यायला काही तरी मिळेल.