वाघनखांबरोबर साताऱ्याची उरलेली गोष्टही सांगा

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने २०२४ साली दोन ठिकाणी तीन-तीन वर्षांच्या बोलीवर वस्तू उसन्या पाठवल्या. एप्रिल महिन्यात घानामधल्या कुमासीला अशांती राजघराण्याचं सोनं पोचलं आणि जुलैत साताऱ्याला वाघनखं. मी घानाच्या राजधानीत, आक्राला नोकरी करतो. त्या पावसाळ्यात घरून आलेला प्रत्येक फोन वाघनखांवर येऊन थांबायचा. ही महाराजांचीच का? कोल्हापूरचे इतिहास अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी जाहीर शंका घेतली होती. अफझलखानाच्या वधात हीच वापरली गेली असं खात्रीने सांगता येत नाही, असं खुद्द म्युझियमही म्हणत होतं. मग आमच्या घरात दोन तट पडले आणि वाद खरी की खोटी एवढ्यावरच अडून राहिला.

कुमासीचा मान्हिया राजवाडा पाहून आल्यापासून मला या वादात एक मोठी उणीव जाणवते.

राजवाडा म्हणावा असा त्याचा डौल नाही. दुमजली, व्हरांड्यांची, आपल्याकडच्या जुन्या कलेक्टर बंगल्यासारखी वास्तू. आवारात मोर फिरतात. अशांतींचा मूळ दगडी राजवाडा इंग्रजांनी १८७४ मध्ये लुटला आणि सुरुंग लावून उडवला. आताची वास्तू १९२५ ची, तीही इंग्रजांनीच बांधलेली, हद्दपारीतून परतलेल्या राजासाठी. १९९५ पासून तिथे संग्रहालय आहे. आजचे राजे ओटुमफुओ ओसेई टुटू दुसरे शेजारच्या नव्या राजवाड्यात राहतात. त्यामुळे आत ऐकलेली गोष्ट संपलेल्या घराण्याची वाटत नाही.

आणि ती गोष्ट पराभवाची आहे. हे मला तिथे फार भिडलं. १८७४ च्या तहात पन्नास हजार औंस सोन्याची खंडणी लादली गेली. १८९५ मध्ये राजा प्रेम्पे यांनी आपले वकील लंडनला पाठवले, तिथल्या सरकारने त्यांना भेटही दिली नाही. १८९६ च्या जानेवारीत प्रेम्पे आणि त्यांच्या आई राणी याआ अक्या यांना भर मैदानात गव्हर्नरपुढे शरण यायला लावलं, तिथेच अटक झाली आणि पुढे सेशेल्स बेटांवर रवानगी. राणी तिथेच वारल्या. १९०० मध्ये गव्हर्नर हॉजसनने अशांतींचं पवित्र सुवर्णासन मागितलं, तेव्हा एजिसूच्या राजमाता याआ असांतेवा यांनी युद्ध पुकारलं. त्याही हरल्या, त्याही सेशेल्सलाच वारल्या. प्रेम्पे १९२४ मध्ये परतले ते साधे नागरिक म्हणून. अशांतींना आपला राजा राजा म्हणून मिळाला तो १९३५ मध्ये, पुढच्या पिढीत. हे सगळं इथे मान वर करून सांगतात.

म्हणून परत आलेल्या सोन्याकडे इथले लोक वेगळ्या नजरेने बघतात. ब्रिटिश म्युझियमच्या पंधरा आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या सतरा, अशा बत्तीस वस्तू. इंग्लंडच्या १९६३ आणि १९८३ च्या कायद्यांमुळे या संग्रहालयांना त्या कायमच्या देता येत नाहीत, म्हणून उसनवारी. आपलंच सोनं उसनं का घ्यायचं, हा राग इथे उघड बोलला जातो, आणि तो रास्त आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या फाउलर म्युझियमने सात वस्तू कोणतीही अट न घालता कायमच्या परत केल्या होत्या. इच्छा आणि कायदा दोन्ही असले की काय होतं ते त्यातून दिसलं. तरीही राजांनी उसनवारी स्वीकारली. मला तो निर्णय पटतो. आज इथली शाळकरी मुलं ते सोनं आपल्या गावात बघू शकतात, आणि बघून झालं की ते लंडनला कसं गेलं हेही विचारतात.

आपण हे विचारलं का? वाघनखं तिकडे जेम्स ग्रँट डफमार्फत गेली. हा साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनी सरकारचा प्रतिनिधी, १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर नेमलेला. पेशव्यांच्या प्रधानाने ती त्याला दिली, असं वाघनखांच्या पेटीवरच लिहिलंय. ही लूट नव्हती, अशांतींच्या सोन्याशी तिची सरसकट बरोबरी करता येणार नाही. पण छत्रपतींच्या गादीजवळ बसून एक इंग्रज अधिकारी राज्याचा कारभार बघत होता, त्या काळातलं हे देणं आहे. ते मोकळ्या मनाने दिलं गेलं की दुसरा इलाजच नव्हता, यावर इतिहासकारांनी बोलावं असं मला फार वाटतं.

आणि पुढचं? साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्यावर गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आळ घेऊन १८३९ मध्ये त्यांना पदच्युत केलं, काशीला पाठवलं. १८४७ मध्ये ते तिथेच गेले. रंगो बापूजी गुप्ते त्यांची बाजू मांडायला लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथे झगडत राहिले. दाद मिळाली नाही. १८४८ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीने सातारा खालसा केला. प्रेम्पेंची हद्दपारी आणि त्यांच्या वकिलांची लंडनमधली पायपीट ऐकताना मला सारखे हे दोघे आठवत होते. शिवछत्रपतींच्या पराक्रमाबद्दल मी लहानपणी भरपूर ऐकलं, प्रतापसिंहांच्या काशीतल्या दिवसांबद्दल जवळजवळ काहीच नाही. तो राजाही आपलाच होता.

ही नखं प्रतापगडावर होती की नाही, हे कदाचित कधीच ठरणार नाही. ग्रँट डफच्या हाती ती कशी पडली, हा प्रश्न मात्र कागदपत्रांतून सोडवण्यासारखा आहे. त्यावर मराठीत नीट संशोधन व्हावं. वाघनखं जिथे जिथे मांडली जातील तिथे पेटीशेजारी म्युझियमचं म्हणणं जसंच्या तसं लावावं. त्याच दालनात रेसिडेंटची सत्ता, प्रतापसिंहांची काशी आणि रंगो बापूजींचे अर्ज यांनाही भिंत मिळावी. बोली २०२७ मध्ये संपते. पेटी लंडनला परत गेली तरी ती भिंत साताऱ्यातच राहील.