काच सोडून बाकी सगळं

पुण्यात उंच इमारतींच्या काचा पुसण्याचा धंदा करणाऱ्याला पूर्वी लोक दोनच गोष्टी विचारत. "भीती नाही वाटत?" आणि "आमच्या बाल्कनीचं काय घ्याल?" आता तिसरी आली आहे. साठ मीटरवर दोराला लटकताना येत नाही एवढा गोळा ती ऐकून पोटात येतो: "लायबिलिटी आहे का?"

खराडीतल्या एका आयटी इमारतीचं काम मिळत होतं. तिथल्या अ‍ॅडमिन मॅनेजरनं व्हेंडर फॉर्म पाठवला. पॅन, जीएसटी, पीएफ, ईएसआयसी भरून झालं आणि पुढचा रकाना आला: पब्लिक लायबिलिटी, म्हणजे आमच्या कामात बाहेरच्या कुणाचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा, किमान १ कोटी. माझे दोर, हार्नेस, झुले, वायपर, बादल्या आणि टेम्पो सगळं विकायला काढलं तरी हा आकडा लांबूनसुद्धा दिसत नाही. (टेम्पो तर अजून बँकेचाच आहे.)

विमा 'निवडायचा' असतो असं ज्यांना वाटतं त्यांच्या नात्यात एजंट नसावा. माझ्या बायकोचा मावसभाऊ एजंट आहे. "दाजी, टेन्शन नाही. तुम्ही फक्त सही करा," म्हणाला आणि १९९१च्या पब्लिक लायबिलिटी कायद्याखालची पॉलिसी घेऊन हजर झाला. नाव जुळत होतं हे खरं. पण तो कायदा आला भोपाळच्या वायुगळतीनंतर, घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी. "तुमच्याकडं केमिकल असतंच की," मेहुणा म्हणाला. आमचं केमिकल म्हणजे बादलीभर पाण्यात टोपणभर साबण. मुकादम जेवायच्या आधी त्यानंच हात धुतो.

मग 'नॉन-इंडस्ट्रियल' नावाची पॉलिसी निघाली. तिच्यात एका अपघाताला किती आणि सबंध वर्षाला किती, अशा दोन मर्यादा ठरवायच्या असतात. त्यांचं प्रमाण एकास एकपासून एकास चारपर्यंत. ताटामागे जिलेब्या किती धरू, हे आचारी ज्या सुरात विचारतो त्याच सुरात मेहुणा म्हणाला, "दाजी, वर्षाला अपघात किती धरायचे?"

शेजारी दोर गुंडाळत बसलेला मुकादम म्हणाला, "एकच धरा. त्याच्यानंतर काम कोण देतंय?"

खरी मजा पुढं, बारीक अक्षरात होती. विमाधारकाच्या ताब्यात, देखभालीखाली किंवा नियंत्रणात असलेल्या मालमत्तेचं नुकसान वगळलं आहे, असं एक कलम होतं. मी ते परत वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं.

"बादली पडून खालच्या गाडीची काच फुटली तर?"

"मिळणार, दाजी. गाडी काय तुमच्या ताब्यात नाही."

"आणि आम्ही पुसत असलेली काच फुटली तर?"

"ती तुमच्या ताब्यात."

"तिच्या शेजारची?"

"वाद घालता येईल."

म्हणजे काचा पुसणाऱ्यानं विमा घ्यायचा तो पुसत नसलेल्या काचांसाठी. मुकादमानं यातूनही वाट काढायचा प्रयत्न केला. "तडकायला लागली की हात काढून घ्यायचा. मग कुठं राहिली ताब्यात?"

बरं, काच नेहमी आम्हीच फोडतो असंही नाही. टफन्ड काच तापवून झटक्यात थंड केलेली असते. बनताना तिच्यात निकेल सल्फाइडचा एखादा जेमतेम दिसणारा कण अडकला, तर तो पुढं वर्षानुवर्षं सावकाश फुगत राहतो. मग एखाद्या दुपारी, कुणी बोटही न लावता, अख्खी काच बोथट तुकड्यांनिशी खाली येते. त्या क्षणी तिच्यासमोर दोराला लटकलेल्या, हातात वायपर असलेल्या पोरानं खाली जमलेल्या लोकांना 'निकेल सल्फाइड' म्हणून दाखवावं. मी म्हणून पाहिलं आहे. त्यांना ती शिवी वाटते.

मग मधमाश्या. पुण्यातल्या उंच इमारतींच्या सज्जांखाली आग्या मोहोळ लागतं, आणि आमचा दोर नेमका तिथूनच जातो. माश्या उठल्या आणि खालच्या वॉचमनला चावल्या तर तो खर्च कुणाचा? मेहुण्यानं स्पीकरवर कंपनीत फोन लावला. पलीकडून गंभीर आवाजात विचारणा झाली, "मधमाश्या विमाधारकाच्या मालकीच्या आहेत का?" मी नाही म्हणालो, तसंच पालकत्वही नाकारलं. मग 'अ‍ॅक्ट ऑफ गॉड'चं ऍड-ऑन निघालं. त्यात भूकंप होता, पूर होता, वादळ होतं. मधमाशी देवाच्या खात्यात बसते की माझ्या, ते अजून वरिष्ठांकडे प्रलंबित आहे.

आणि आमची पोरं? ती यात नाहीतच. पब्लिक म्हणजे बाहेरचे. दोरावरच्यांसाठी वेगळी पॉलिसी, जिला सगळे अजून 'डब्ल्यूसी' (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामगार भरपाई) म्हणतात. ती मात्र मी घासाघीस न करता घेतली. दोराला माणूस लटकवणाऱ्यानं तिथं पैसे वाचवू नयेत. कामगार भरपाईच्या १९२३च्या कायद्यात भरपाईसाठी वयाप्रमाणं गुणक दिलेले होते, सोळापर्यंत २२८.५४, पासष्टपासून पुढं ९९.३७. म्हणून मेहुण्यानं मुकादमाला वय विचारलं.

"कुठलं सांगू? आधारचं, दाखल्यावरचं, का आई सांगती ते?"

शेवटी प्रीमियम, त्यावर १८ टक्के जीएसटी, असं सगळं भरून पॉलिसी मॅनेजरच्या टेबलावर ठेवली. त्यानं पहिलं पान पाहिलं, कोटीवरच्या शून्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "ओके. आता फक्त ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर लिहून द्या, काहीही झालं तरी संपूर्ण जबाबदारी तुमची."

मी बाहेर येऊन मेहुण्याला फोन लावला. तो पहिल्यांदाच घाबरलेला वाटला. "दाजी, असलं काही लिहून देऊ नका! करारानं मुद्दाम अंगावर घेतलेली जबाबदारी पॉलिसीत बसत नाही."

म्हणजे विमा असल्याशिवाय काम नाही, बॉन्ड दिल्याशिवाय काम नाही, आणि बॉन्ड दिला की विमा नाही. मी बॉन्डमध्ये 'काहीही झालं तरी संपूर्ण'च्या जागी 'कायद्यानं येईल तेवढी' घातलं आणि छातीत धडधड घेऊन परत आत गेलो. मॅनेजरनं त्यातला एक शब्द वाचला नाही. कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "कंपनीचा गोल शिक्का कुठाय?"

आमच्याकडं चौकोनी आहे. गोल करायला टाकला आहे, मंगळवारी मिळेल.