पाणी विकत घेऊन मशीन धुवायची का?

नमस्कार दादा,

वॉशिंग मशीन महिन्यातून एकदा रिकामी चालवून धुवा, असं मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंत, "लातुरात उन्हाळ्यात आम्ही टँकर विकत घेतो. दर महिन्याला मशीन रिकामी चालवा म्हणणाऱ्यांनी आधी आमच्या हौदात डोकावून बघावं. रोज साबणाचं पाणी फिरतं त्या मशीनला आणखी काय धुवायचं?"

पहिलं बोलणं मान्य. एप्रिल २०१६ मध्ये ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाला सरसकट 'महिन्यातून एकदा' सांगायला नको होतं. ती ओळ मी बदलली आहे.

दुसरं मात्र पटत नाही, आणि त्याचं कारण आपलं पाणीच आहे. बोअरचं पाणी उकळलं की पातेल्याच्या तळाशी पांढरी खपली धरते ना, तीच समोरून उघडणाऱ्या मशीनच्या हीटरवर धरते. थर वाढला की पाणी तापायला वेळ लागतो, वीज जास्त जाते. वरून उघडणाऱ्या मशीनला बहुधा हीटर नसतो. पण क्षाराच्या पाण्यात फेस धरत नाही म्हणून आपण पावडर वाढवत जातो, आणि न विरघळलेली पावडर, मळ, धागे ड्रमच्या मागं चिकटून बसतात. पांढऱ्या सदऱ्यावर येणारे काळे पापुद्रे ते हेच.

वरून उघडणारी असेल तर नवं पाणी कशाला? कपड्यांचं शेवटचं विसळलेलं पाणी ड्रममध्ये धरून ठेवा, नाहीतर बादलीनं परत ओता. त्यात १०० ग्रॅम लिंबूसत्व (सायट्रिक अ‍ॅसिड) टाका, थोडं फिरवा, तासभर मुरू द्या. निघालेलं पाणी मोरी घासायला होतं. समोरून उघडणारीला हे जमत नाही. ती दोन-तीन महिन्यांनी लिंबूसत्व घालून गरम पाण्यावर एकदा चालवा. व्हिनेगर आणि सोडा एकत्र घालू नका, दोन्ही एकमेकांचा जोर मारतात. आणि लिंबूसत्वासोबत ब्लीच तर कधीच नको, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

टँकरचं पाणी असेल तर मला जास्त काळजी मशीनच्या मागं पाण्याचा पाइप जोडतात तिथल्या जाळीची वाटते. गेल्या उन्हाळ्यात आमची मशीन पाणीच घेईना. मेकॅनिकनं व्हॉल्व्ह बदला म्हणून सांगितलं. मी प्लग काढला, तोटी बंद केली, पाइप सोडवला, तर आतली चिमुकली जाळी गाळानं गच्च भरलेली. जुन्या टूथब्रशनं घासली आणि पाणी सुरू झालं. यात तांब्याभर पाणीसुद्धा गेलं नाही.

दाराच्या रबराच्या घडीत साचलेलं पाणी पुसणं, पावडरीचा खण काढून वाळवणं, दार उघडं ठेवणं, यालाही पाणी लागत नाही.

तुमची मशीन वरून उघडते की समोरून, आणि पाणी बोअरचं की टँकरचं, एवढं कळवा. त्याप्रमाणं किती दिवसांनी धुवायची ते सांगते.