रामबागेच्या ओटल्यावर स्पॅमची सुनावणी

रविवारचे पोहे-जलेबी आटोपून आम्ही इंदूरच्या रामबागेतल्या ओटल्यावर बसलो होतो. नाना उशिरा आले. काही न बोलता त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. 'बिल थकले आहे, आज रात्री ९ वाजता वीज कापली जाईल' असा मेल, खाली निळी लिंक. नाव वीज खात्याचं आणि पत्ता बघावा तर नुसती अक्षरांची खिचडी. नानांनी लिंक दाबली होती. पेन्शनमधले चार हजार गेले.

"सायबर फसवणुकीच्या १९३० वर फोन केलात?" दिल्याने विचारलं. दिल्या वकील आहे.

"केला. पण तो पाठवणारा? त्याला कोण धरणार?"

"अरे भिया, मेल डिलीट करायचा नि सोडून द्यायचं," बंड्या म्हणाला. याचा कोचिंग क्लास. विकत घेतलेल्या यादीवर दर सोमवारी याची जाहिरात सुटते. माझ्या आत्याला जाऊन तीन वर्षं झाली, तिच्या पत्त्यावरही 'गणितात मागे पडताय का?' येतं. मला ते बघवत नाही.

"अमेरिकेत असतास तर मेलमागे दंड भरला असतास," दिल्या म्हणाला. "२००३ चा कॅन-स्पॅम कायदा. समोरच्याने नको म्हटलं की कामाच्या १० दिवसांत नाव काढायचं, मेलखाली खरा टपाली पत्ता द्यायचा."

"आणि तिथे स्पॅम बंद झालं वाटतं!"

"नाही झालं. पण माणसं आत गेली. सिअ‍ॅटलच्या रॉबर्ट सोलोवेला २००८ साली ४७ महिने झाले. सॅनफर्ड वॉलेसविरुद्ध फेसबुकने २००९ मध्ये ७१.१ कोटी डॉलरचा निकाल मिळवला, पण तो आधीच दिवाळखोरीचा अर्ज करून मोकळा. आत गेला तो थेट २०१६ ला, अडीच वर्षं."

"बघ! दंड कागदावरच."

"ऐक पुढे. व्हर्जिनियात जेरेमी जेन्सला ९ वर्षं सुनावली होती. २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्याचा स्पॅमविरोधी कायदाच रद्द केला. का, तर निनावी राजकीय किंवा धार्मिक मेलही त्याच कलमात सापडत होता. खडे वेचायचे सोडून अख्खं सूप उकिरड्यावर पालथं करायला निघालात, तर कोर्ट गहू वाचवणारच. आणि त्याबरोबर खडेही वाचतात."

आपल्या आयटी कायद्यातल्या, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणाऱ्या कलम ६६अ चं हेच झालं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टपायी धरलं होतं, तेव्हा याच ओटल्यावर आम्ही सगळे चिडलो होतो. २४ मार्च २०१५ ला ते कलम गेलं, बरंच झालं. पण मेल कुठून आला याबद्दल फसवणाऱ्याला शिक्षा देणारं पोटकलमही त्यातच होतं, तेही गेलं. ते तेवढंच, नेमक्या शब्दांत पुन्हा लिहायला हवं होतं. फसवून पैसे काढले तर त्याच कायद्याचं ६६ड आहे, ३ वर्षं आणि लाखापर्यंत दंड. एसएमएस आणि कॉलसाठी ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, २०१८ चे नियम आहेत. नुसता नकोसा मेल मात्र वाऱ्यावर.

"माझी तर माहिती असते, भिया. लोकांचं भलंच होतं," बंड्या.

"गणपतीच्या वर्गणीचा हिशेबही तू असाच 'माहितीसाठी' लावला होतास," दिल्या म्हणाला. "एक रकाना होता. जमा."

"ते ९८ सालचं आहे!"

"मांडववाला अजून मला विचारतो," नाना म्हणाले.

मग आत्याचा विषय मीच काढला. बंड्या गप्प झाला. खिशातून फोन काढून यादी उघडली, बोटाने खाली खाली जात राहिला. पाच हजार नावं, क्रम कसलाच नाही. चहा आला, निवाला, तरी आत्या सापडेना.

"घाई नको रे," नाना म्हणाले, "तुला १० दिवस आहेत. कामाचे. म्हणजे आधी काम शोध."

दिल्याला ठसका लागला, चहा सदऱ्यावर. नाना सकाळपासून पहिल्यांदा हसले. बंड्या हसता हसताही यादी खाली सरकवतच होता.