‘अस्सल इअरफोन’ ओळखण्याच्या पाच कसोट्या आणि माझ्या भाच्याचे कान

गेल्या रविवारी रात्री ताईचा फोन आला. अकरावीत शिकणारा माझा भाचा जेवायला बसला होता, पण शेजारून मारलेली हाकही त्याला नीट ऐकू येत नव्हती. कानाला दडे बसले होते आणि आत बारीक शिट्टी वाजत होती. खोदून विचारल्यावर कळले, की घरच्या व्हॉट्सॲप गटावर आलेल्या एका संदेशाप्रमाणे त्याने आपला नवा इअरफोन आणि मित्रांचे दोन, असे तीन इअरफोन एकापाठोपाठ ‘तपासले’ होते.

हा संदेश महिन्याभरात मलाही चार जणांनी पाठवला आहे, आणि त्यातले दोघे चांगले शिकलेले आहेत. त्यात ‘अस्सल’ इअरफोन ओळखण्याच्या पाच कसोट्या दिल्या आहेत. हाताला जड लागेल तोच टिकाऊ; ड्रायव्हर, म्हणजे आवाज उमटवणारा आतला भाग, जितका मोठ्या मिलिमीटरचा तितका आवाज चांगला; खोक्यावर 40 हजार हर्ट्झ लिहिलेले असेल तरच आवाज स्पष्ट; पूर्ण आवाजावर दहा मिनिटे गाणे लावून पाहावे, आवाज फाटला नाही तर माल अस्सल; आणि शंभर तास वाजवल्याशिवाय कोणत्याही इअरफोनबद्दल मत बनवू नये. यांतली एकही कसोटी जशी लिहिली आहे तशी खरी नाही. चौथी तर सरळसरळ घातक आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी 2019 साली ऐकण्याच्या उपकरणांसाठी एक संयुक्त मानक जाहीर केले. त्यातला हिशेब कोणालाही समजेल इतका सोपा आहे. प्रौढ माणसाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंतच ऐकावा. लहान मुलांसारख्या नाजूक कानांसाठी ही मर्यादा 75 डेसिबलची आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला की कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट होते आणि ऐकण्याचा वेळ निम्म्यावर येतो. म्हणजे 90 डेसिबलला 40 तासांचे चार तास उरतात आणि 100 डेसिबलला आठवड्याचा सगळा वाटा वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. कानात घट्ट बसणारा इअरफोन फोनच्या पूर्ण आवाजावर 100 डेसिबल सहज गाठू शकतो. तीन इअरफोन आणि प्रत्येकी दहा मिनिटे, म्हणजे अर्धा तास झाला. प्रौढाचा आठवड्याचा वाटा एका बैठकीत ओलांडणारी ही ‘कसोटी’ कोणीतरी निर्धास्तपणे लिहिली आणि शेकडो लोकांनी ती मुलांच्या हाती दिली, याचा मला मनापासून संताप येतो.

कानाच्या आत शंखासारख्या वळलेल्या पोकळीत आवाज टिपणाऱ्या साधारण 15 हजार केसपेशी असतात आणि माणसाच्या कानात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ‘दोन दिवसांनी दडे सुटले, म्हणजे काही झाले नाही’ असे समजून स्वस्थ बसण्यात अर्थ नाही. शेरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या संशोधकांनी 2009 साली उंदरांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले होते, की मोठ्या आवाजानंतर ऐकू येण्याची पातळी पूर्ववत झाली, तरी केसपेशी आणि श्रवणनाडी यांना जोडणारे कितीतरी सांधे कायमचे गेलेले होते. भाच्याची शिट्टी तिसऱ्या दिवशी थांबली. तरीही कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेऊन त्याची श्रवणचाचणी करून घे, असे मी ताईला बजावून सांगितले आहे.

बरे, कान पणाला लावून या कसोटीतून इअरफोनची परीक्षा तरी होते का? तीही होत नाही. प्रत्येक इअरफोनची संवेदनशीलता वेगळी असते. एकाच फोनच्या एकाच पातळीवर दोन इअरफोनच्या आवाजात दहा-पंधरा डेसिबलचा फरक सहज पडू शकतो. जो मुळातच हळू वाजतो तो पूर्ण आवाजावरही फाटणार नाही आणि ‘अस्सल’ ठरेल. शिवाय फाटलेला आवाज पुष्कळदा फोनच्या ॲम्प्लिफायरचा किंवा इक्वलायझरमध्ये वाढवून ठेवलेल्या बेसचा असतो, आणि दोष मात्र इअरफोनच्या माथी मारला जातो. आवाज फाटणे हा दोष आहे, एवढे मी मान्य करतो. पण नेहमीच्या पातळीवर एक बाजू घरघरत असेल, तर ते शांत खोलीत दोन मिनिटांत कळते आणि तो नग परत करावा. दोन इअरफोनची तुलना करायची असेल, तर आधी दोघांचा आवाज कानाला सारखा वाटेल असा लावून घ्यावा, कारण किंचित मोठा वाजणारा बहुतेकदा अधिक चांगला वाटतो. दुकानात हे पथ्य मी क्वचितच पाळलेले पाहिले आहे.

मिलिमीटरचे म्हणणेही असेच. कानाच्या नळीत इअरफोन घट्ट बसला की आत कोंडलेली हवा अगदी थोडी असते आणि ती हलवायला लहानसा पडदा पुरतो. अमेरिकेतल्या एटिमोटिक कंपनीने 1991 साली काढलेल्या ईआर-4 मध्ये प्रत्येक कानाला एकच, काही मिलिमीटरचा बॅलन्स्ड आर्मेचर (चुंबकांमध्ये थरथरणाऱ्या इवल्या पट्टीचा) ड्रायव्हर होता, आणि स्वच्छ आवाजासाठी जाणकार आजही त्याचे नाव घेतात. आवाजाचा खरा कस लागतो तो जुळवणीत. उघड्या कानाची सुमारे अडीच सेंटिमीटरची नळी तीन हजार हर्ट्झच्या आसपासचे सूर आपोआप उठावदार करते. इअरफोनने नळी बंद झाली की तो उठाव बदलतो आणि बनवणाऱ्याला तो मोजून परत भरून काढावा लागतो. तो कमी पडला तर गाणारा पडद्याआडून गातो आहे असे वाटते; जास्त झाला तर ‘स’ आणि ‘श’ कानात टोचतात. हे खोक्यावरच्या कोणत्याही आकड्यात दिसत नाही.

40 हजार हर्ट्झबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. तरुण, निरोगी कानाला 20 हजारांपर्यंत ऐकू येते, वय वाढेल तशी ही मर्यादा खाली येते, आणि सीडीत साठवलेला आवाजही 22 हजारांच्या थोडा पुढे जाऊन संपतो.

वजनाच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे. धातूचे कवच खिशात चेपत नाही आणि पडल्यावर सहसा तडकत नाही. पण इअरफोन कवचापाशी मरतो कुठे? माझ्या खणात आजवरचे तीन बंद पडलेले इअरफोन आहेत. तिन्हींची कवचे धडधाकट आहेत, आणि वायर मात्र जॅकपासून बोटभर अंतरावर आतून तुटलेली आहे. म्हणून हातात घेतल्यावर वजन पाहण्याऐवजी जॅकपाशी आणि वायर दुभंगते तिथे लवचीक रबरी आधार आहे का, वायर बडपासून, म्हणजे कानात बसणाऱ्या भागापासून, काढून बदलता येते का आणि तोंडाशी कानातला मळ अडवणारी जाळी नीट चिकटवलेली आहे का, हे पाहावे. जड बड तर चालताना हळूहळू बाहेर सरकतो आणि त्याबरोबर बेसही जातो.

राहिले शंभर तास. रोज दोन तास ऐकले तर शंभर तासांना पन्नास दिवस लागतात, आणि तोवर वस्तू परत करण्याची मुदत केव्हाच टळलेली असते. एवढ्या दिवसांत आपला कान त्या आवाजाला सरावतो आणि इअरफोन सुधारला असे वाटू लागते. पहिल्या दिवशी खटकलेला आवाज पहिल्याच आठवड्यात परत करावा.

भाच्याने हा सगळा खटाटोप केला, त्याचे मूळ कारण मला शेवटी कळले. त्याच्या नव्या इअरफोनची डावी बाजू पोकळ वाजत होती आणि नग नकली तर नाही ना, अशी त्याला शंका होती. मी तो हातात घेतला, खोक्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीत तशाच पडून असलेल्या रबरांपैकी मोठे रबर डाव्या बाजूला बसवले आणि फोनचा आवाज निम्म्याच्याही खाली ठेवून विलंबित एकतालातले एक तबलावादन लावले. डग्ग्याचा घुमारा दोन्ही कानांत सारखा येऊ लागला. ‘मामा, डावीकडचं रबरच लहान होतं का?’ त्याने विचारले. त्याचा डावा कान उजव्यापेक्षा थोडा रुंद आहे, एवढेच होते.